क्षमता नियोजन (संगणक प्रणाली)

क्षमता नियोजन : सॉफ्टवेअर सेवेने ठरलेल्या वेळेत उत्तर द्यावे आणि त्यापायी सर्व्हर, मेमरी, नेटवर्क व वीज गरजेपेक्षा जास्त अडकून पडू नये, यासाठी करायची मोजणी, अंदाज आणि तजवीज. यंत्रे कमी पडली की साइट बसते आणि ओरड होते. जास्त ठेवली तर कोणी ओरडत नाही, फक्त बिल वाढत जाते. त्यामुळे बहुतेक संस्थांचा तोल दुसऱ्या बाजूला झुकलेला आढळतो.

या शास्त्राचे मूळ संगणकाच्या आधीचे आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारुप एर्लांग यांनी १९०९ साली कॉल कोणत्या क्रमाने येतात याचे गणित मांडले आणि १९१७ साली किती लाइन ठेवल्यास किती कॉल लागणार नाहीत याचे सूत्र दिले. सर्व्हरपुढे उभ्या राहणाऱ्या विनंत्यांना हेच रांगेचे गणित लागू पडते.

समजा एका कामाला सर्व्हरवर १०० मिलिसेकंद लागतात आणि विनंत्या अनियमितपणे येत आहेत. रांगेच्या सर्वांत साध्या सूत्रानुसार सर्व्हर ५० टक्के व्यग्र असेल तर उत्तर सरासरी २०० मिलिसेकंदांत मिळते. ८० टक्क्यांवर ५०० मिलिसेकंद, ९० टक्क्यांवर एक सेकंद आणि ९५ टक्क्यांवर दोन सेकंद लागतात. म्हणजे शेवटच्या पाच टक्क्यांनी वाट पाहण्याचा काळ दुप्पट केला. अहवालात ‘९५ टक्के वापर’ हा आकडा काटकसरीचा वाटतो, पण त्याची किंमत वापरकर्ता स्वतःच्या वेळेने मोजत असतो. सर्व्हरची काही क्षमता मोकळी राहणे ही उधळपट्टी नव्हे. मात्र किती मोकळी, हे मोजून ठरवायला हवे. अनेक सर्व्हर एकाच सामायिक रांगेतून कामे उचलत असतील तर तेवढ्याच प्रतिसादकाळात त्यांचा वापर बराच वर नेता येतो. छोट्या-छोट्या स्वतंत्र यंत्रणा एकत्र आणण्यातला खरा फायदा हाच.

सरासरीवर विसंबणे ही या क्षेत्रातली सर्वांत महागडी सवय. शंभरातली एकच विनंती एक सेकंदाहून जास्त घेते, असे ऐकले की यंत्रणा उत्तम वाटते. पण एका पानासाठी शंभर सर्व्हरांना विचारावे लागत असेल आणि सगळ्यांची उत्तरे येईपर्यंत थांबावे लागत असेल, तर सुमारे ६३ टक्के पाने एक सेकंदापेक्षा उशिरा उघडतात. म्हणून जाणकार सरासरीऐवजी ९९ टक्के विनंत्या किती वेळात पूर्ण होतात ते पाहतात.

दुसऱ्या टोकाचे चित्रही तितकेच बोलके आहे. गूगलचे अभियंते लुईझ आंद्रे बारोसो आणि उर्स होल्झल यांनी २००७ साली गूगलच्या पाच हजारांहून अधिक सर्व्हरांची सहा महिन्यांची नोंद मांडली. बहुतेक वेळ ते १० ते ५० टक्के वापरातच होते. काही काम नसतानाही सर्व्हर पूर्ण क्षमतेच्या जवळपास निम्मी वीज खातो, हेही त्यांनी दाखवले. ही तफावत भरून काढण्यासाठी एकाच यंत्रावर अनेक कामे बसवण्याची तंत्रे रुळली : आभासी यंत्रे (एका यंत्रात सॉफ्टवेअरने उभी केलेली अनेक स्वतंत्र यंत्रे), २००६ साली तासाच्या भाड्याने सुरू झालेला अ‍ॅमेझॉनचा ईसीटू क्लाउड, आणि २०१४ साली गूगलने खुले केलेले, अनेक यंत्रांवर कामे वाटून चालवणारे सॉफ्टवेअर कुबरनेटीस.

कुबरनेटीसमध्ये प्रत्येक कंटेनरसाठी (अ‍ॅप आणि त्याला लागणारे सारे एकत्र बांधलेले गाठोडे) किती सीपीयू आणि मेमरी राखून ठेवायची आणि कमाल मर्यादा किती, हे आधी लिहून देता येते. साइट बसल्याचा ठपका आपल्यावर येऊ नये म्हणून टीम हे आकडे फुगवून लिहितात. राखून ठेवलेली जागा वापरली नाही तरी ती दुसऱ्या कामासाठी राखता येत नाही. याउलट मर्यादा फार आवळली तर वेगळेच घडते. अर्ध्या सीपीयूची मर्यादा म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत दर १०० मिलिसेकंदांमागे ५० मिलिसेकंदांचा वाटा. अ‍ॅपचे चार थ्रेड, म्हणजे समांतर चालणारे कामाचे धागे, एकदम चालले तर हा वाटा १२.५ मिलिसेकंदांतच संपतो आणि पुढची ८७.५ मिलिसेकंदे अ‍ॅप ताटकळते. आलेखावर मात्र मिनिटाचा सरासरी वापर कमीच दिसतो, आणि दोष कुठे आहे ते शोधण्यात रात्री जातात.

यंत्रे वाढवून नेहमीच वेग वाढतो असेही नाही. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रोसेस चालते आणि जोडण्यांची मूळ मर्यादा १०० असते. प्रत्येकी २० जोडण्या धरणारे अ‍ॅप सर्व्हर १० वरून ४० वर नेले तर मागणी २०० वरून ८०० वर जाते. मर्यादा वाढवत नेली तरी मागचा डेटाबेस गुदमरतो. अशा वेळी हळू चालणारी एक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) शोधून तिच्यासाठी नीट इंडेक्स, म्हणजे माहिती पटकन सापडावी म्हणून केलेली सूची, बांधणे हा दहा सर्व्हरांपेक्षा स्वस्त आणि टिकाऊ इलाज ठरू शकतो. तो आधी करून पाहावा, यंत्रे नंतर मागावीत.

लोड वाढला की आपोआप सर्व्हर जोडण्याच्या सोयीला ऑटोस्केलिंग म्हणतात. ती सकाळ-संध्याकाळच्या चढउताराला चांगली पुरते. अचानक येणाऱ्या गर्दीला मात्र पुरत नाही, कारण नवे यंत्र सुरू होऊन कामाला लागेपर्यंत मिनिटे जातात आणि गर्दी सेकंदांत येते. १० जुलै २०१९ रोजी मँचेस्टरला भारत-न्यूझीलंड विश्वचषक उपांत्य सामना चालू असताना हॉटस्टारवर एकाच वेळी २.५३ कोटी प्रेक्षक होते. धोनी धावबाद झाला आणि प्रेक्षक भराभर बाहेर पडले. अशा क्षणी व्हिडिओवरचा भार उतरतो आणि तेच लोक एकदम मुखपृष्ठावर येऊन आदळतात, म्हणून तिथली क्षमताही आधीपासून तयार ठेवावी लागते. रेल्वेच्या तत्काळ आरक्षणाची गर्दी तर घड्याळ लावून येते : वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी १० वाजता, इतरांसाठी ११ वाजता. अशा ठिकाणी वेळापत्रकानुसार क्षमता आधीच वाढवून ठेवणे हाच मार्ग.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या निकालाला १५ लाखांच्या आसपास विद्यार्थी असतात आणि निकाल बहुधा दुपारी एक वाजता खुला होतो. बैठक क्रमांक आणि आईचे नाव टाकून मुले व पालक एकाच वेळी तुटून पडतात. इथे स्वभाव तत्काळच्या उलट आहे. निकाल एकदा तयार झाला की त्या दिवशी तो फक्त वाचला जातो, त्यामुळे असा मजकूर आधीच मेमरीत मांडून ठेवला तर थोड्या यंत्रांवर खूप मोठी गर्दी निभते. तिकिटात मात्र प्रत्येक विनंती एका मोजक्या साठ्यातून काहीतरी उचलत असते, आणि ती जागा दोघांना दिली जाणार नाही याची खात्री दर वेळी करावी लागते.

विजेचा हिशेब आता नियोजनाचा भाग झाला आहे. ऐरोली, महापे, रबाळे या नवी मुंबईच्या पट्ट्यात मोठी डेटा सेंटर उभी आहेत आणि तिथल्या दमट उष्म्यात सर्व्हर थंड ठेवणेच खर्चिक पडते. डेटा सेंटरला लागणारी एकूण वीज भागिले संगणकीय यंत्रांना मिळणारी वीज, या गुणोत्तराला पीयूई म्हणतात. आदर्श मूल्य १. पण हे गुणोत्तर सर्व्हर उपयोगाचे काम करतो की रिकामा फिरतो ते सांगत नाही. उलट रिकामे सर्व्हर बंद केल्यावर एकूण वीज घटते, वातानुकूलनाचा ठरावीक भार मात्र तसाच राहतो, आणि पीयूई आधीपेक्षा वाईट दिसू शकतो.