'ई.टी.'ने गेम-उद्योग बुडवला? थोडं थांबा

स्टीव्हन स्पीलबर्गच्या सिनेमावर अटारी या अमेरिकी व्हिडिओ-गेम कंपनीने १९८२ साली 'ई.टी.' हा गेम काढला. तो इतका भिकार होता की त्याने अख्खा उद्योग बुडवला आणि लाखो न खपलेली 'ई.टी.' कार्ट्रिजेस (गेम भरलेल्या, यंत्रात खोचायच्या डब्या) न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरावी लागली, ही कहाणी गेली चाळीस वर्षं फिरतेय.

पुरलं होतं, हे खरं. सप्टेंबर १९८३, न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डो गावाचा कचरा डेपो. एप्रिल २०१४मध्ये तो खणला, तेव्हा साधारण तेराशे कार्ट्रिजेस वर काढली. त्यात 'ई.टी.' जेमतेम दहा टक्के! बाकी 'सेंटिपीड', 'मिसाइल कमांड' अशी चांगली खपणारी नावं. म्हणजे नावडता गेम लपवला नव्हता, गोदाम रिकामं केलं होतं.

गेम फसला, पण दोष कोणाचा? हक्कांचा सौदा जुलैअखेर ठरला आणि माल नाताळला दुकानात हवा. एरवी पाच-सहा महिने लागणारं काम अटारीचा प्रोग्रॅमर हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ याने पाच आठवड्यांत उरकलं. घरीही गेम बनवायचं एक मशीन बसवून घेतलं होतं. (याच माणसाचा 'यार्स रिव्हेंज' तुफान खपला होता, ते कुणी सांगत नाही.) वर अटारीने सुमारे चाळीस लाख प्रती छापल्या. खपल्या पंधरा लाखांच्या आसपास.

आणि १९८३ची गेम-उद्योगाची पडझड? ऐऱ्यागैऱ्या कंपन्यांच्या गेम्सनी दुकानं तुंबली होती, दुकानदार माल परत पाठवत होते, स्वस्त होम कॉम्प्युटर गिऱ्हाईक पळवत होते. शिवाय ही पडझड मुख्यतः उत्तर अमेरिकेतली. जपानमध्ये त्याच वर्षी जुलैत निन्टेन्डोचा फॅमिकॉम हा गेम कन्सोल बाजारात आला.