हाताने उघडलेला डेस्कटॉप

इंदूरच्या रामबागेत आमच्या घराजवळ एक छोटं वाचनालय आहे. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे आणि पुस्तकांची सगळी यादी त्याच्यात. परवा तिथल्या काकूंचा फोन आला. ‘अरे, पासवर्ड बरोबर टाकते, स्क्रीन क्षणभर काळी होते आणि हा परत पासवर्डच मागतो. पाच वेळा झालं. यादी गेली का रे सगळी?’

यादी जागच्या जागी होती. खिडक्या, चित्रं, माउसचा बाण हे जे आपण डेस्कटॉप म्हणून ओळखतो, ते लिनक्समध्ये सगळ्यात शेवटी सुरू होणारे काही प्रोग्राम असतात. ते अडले तरी फाइली, नेटवर्क, प्रिंटर सगळं खाली चालूच असतं. शिवाय ते प्रोग्राम आपल्याला हातानेही सुरू करता येतात.

मी जाऊन कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकत्र दाबलं. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत नाव विचारणारी ओळ आली. काकू घाबरल्या, म्हणून त्यांना आपल्या सराफ्याचं उदाहरण दिलं. दिवसा दागिन्यांची दुकानं, रात्री त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस आणि गराडू. रस्ता एकच, बाजार दोन. लिनक्समध्येही एकाच स्क्रीनवर असे अनेक ‘बाजार’ असतात, त्यांना टीटीवाय म्हणतात. पूर्वी कागदावर अक्षरं छापणारं टेलिटाइप यंत्र कॉम्प्युटरला जोडत, त्याचं नाव अजून टिकून आहे. इथे पासवर्ड टाइप करताना ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. कीबोर्ड बिघडला असं वाटून लोक इथेच थांबतात. थांबू नका, टाइप करा आणि एंटर दाबा.

आत गेल्यावर शब्द टाइप करायचा तो ‘स्टार्टएक्स’, इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. ही एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, आहे. ती एक्सइनिट नावाच्या प्रोग्रामला हाक मारते, एक्सइनिट आधी स्क्रीनवर खिडक्या काढणारा ‘एक्स सर्व्हर’ उभा करतो आणि मग त्याच्यावर डेस्कटॉप.

या ‘सर्व्हर’ शब्दाने भलेभले गोंधळतात. सर्व्हर म्हणजे कुठेतरी दूर असलेलं मोठं मशीन, अशी आपली समजूत. इथे तो आपल्या समोरच्या टेबलावर असतो. पंगतीतला वाढपी आठवा: ज्याच्या हाती भांडं, तो वाढणारा. स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस एक्सच्या हाती असतात, म्हणून तो सर्व्हर. ‘माझी खिडकी इथे काढ’ म्हणणारा प्रत्येक प्रोग्राम पानावर बसलेला. ही मांडणी मुद्दाम केलेली आहे. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात बॉब शाइफलर आणि सहकाऱ्यांनी एक्स बांधायला घेतलं, तेव्हा प्रोग्राम एका मशीनवर चालावा आणि खिडकी दुसऱ्या मशीनवर दिसावी, अशी गरज होती. त्याआधी स्टॅनफर्डमध्ये ‘डब्ल्यू’ नावाची खिडक्यांची प्रणाली होती. इंग्रजी वर्णमालेत डब्ल्यूनंतरचं अक्षर एक्स, म्हणून हे नाव. १९८७ मध्ये एक्सची अकरावी आवृत्ती आली आणि आजही एक्स म्हणजे ती अकरावीच.

कोणता डेस्कटॉप उघडायचा, हे आपल्या होम फोल्डरमधली, म्हणजे आपल्या स्वतःच्या फोल्डरमधली, ‘.एक्सइनिटआरसी’ ही फाइल सांगते. नावाच्या आधी टिंब असल्यामुळे ती एरवी दिसत नाही. तिच्या शेवटच्या ओळीत ‘एक्झेक’ आणि पुढे डेस्कटॉपचं नाव, उदाहरणार्थ एक्सएफसीई नावाच्या डेस्कटॉपसाठी ‘स्टार्टएक्सएफसीई४’. ही शेवटची ओळ जपून लिहावी लागते, कारण ती ओळ चालू आहे तोवरच सत्र चालू. ती संपली की एक्सइनिट सर्व्हर बंद करतो आणि आपण परत काळ्या स्क्रीनवर. त्या ओळीच्या शेवटी ‘&’ हे चिन्ह चुकून राहिलं, तर प्रोग्राम मागे ढकलला जातो, फाइल संपली असं धरलं जातं आणि डेस्कटॉप लुकलुकून विझतो. तासन्‌तास शोधूनही न सापडणारी ही चूक एका चिन्हाची असते.

काकूंच्या कॉम्प्युटरवरची चूक वेगळी होती. आदल्या संध्याकाळी एका मुलाकडून तीच तीन बटणं दाबली गेली होती. मूळ डेस्कटॉप मागे तसाच उघडा होता, हे त्याला कळलं नाही. त्याने ‘सुडो स्टार्टएक्स’ असं टाइप केलं. सुडो म्हणजे हे काम रूटच्या, म्हणजे सर्वाधिकाऱ्याच्या, हाताने कर. त्या जुन्या लिनक्समध्ये सुडो वापरलं तरी होम फोल्डर काकूंचंच राहतं. एक्सचा परवाना ठेवणारी ‘.एक्सऑथॉरिटी’ नावाची फाइल त्यामुळे काकूंच्या फोल्डरात, पण रूटच्या मालकीची झाली. दुसऱ्या दिवशी काकूंचा पासवर्ड बरोबर ठरायचा, पण परवान्याच्या फाइलीला त्यांना हात लावता यायचा नाही, आणि डेस्कटॉप उघडता उघडता माघारी फिरायचा.

‘एलएस -एल’ लिहून त्या फाइलीचं नाव दिलं, तर मालकाच्या जागी ‘रूट’ दिसलं. मग ती काढून टाकली. फाइल दुसऱ्याची असली तरी फोल्डर आपलं असेल तर ती काढता येते, आणि पुढच्या वेळी आत जाताना ती आपोआप नवी बनते. म्हणून माझं कळकळीचं सांगणं: स्टार्टएक्सच्या आधी सुडो लावू नका. डेस्कटॉप आपला आहे, तो आपल्याच नावाने उघडावा.

आता बऱ्याच लिनक्समध्ये एक्सच्या जागी वेलँड आलं आहे, २००८ मध्ये क्रिस्टियन ह्योग्सबर्ग यांनी सुरू केलेलं. तिथे वेगळा सर्व्हर नसतो, खिडक्या मांडणारा प्रोग्रामच तेही काम करतो; ‘स्वे’सारखा प्रोग्राम तर काळ्या स्क्रीनवर नुसतं त्याचं नाव लिहिलं की उघडतो. मेमरी कमी असलेल्या जुन्या मशीनला कायम अक्षरांच्या स्क्रीनवरच सुरू करावं आणि लागेल तेव्हा डेस्कटॉप उघडावा, हेही मला पटतं. लिनक्स सुरू करणाऱ्या ‘सिस्टिमडी’ या प्रोग्राममध्ये त्यासाठी ‘मल्टी-यूजर’ आणि ‘ग्राफिकल’ असे दोन मुक्काम ठरलेले आहेत.

मी कंट्रोल, ऑल्ट, एफ-७ दाबून पासवर्डच्या मूळ स्क्रीनवर परत आलो आणि काकूंना पासवर्ड टाकायला सांगितलं. स्क्रीन काळी झाली, त्यांनी श्वास रोखला, आणि यादीचा आयकॉन कोपऱ्यात नेहमीच्या जागी आला. ‘आता ती तीन बटणं मलाच दाबून बघू दे,’ म्हणत त्यांनी चष्मा नाकावर चढवला.