अफगाणिस्तानातील भूसुरुंग

सोव्हिएत संघाने १९७९ साली अफगाणिस्तानवर केलेल्या आक्रमणापासून त्या देशाच्या जमिनीत पेरले गेलेले आणि फौजा माघारी गेल्यावरही माणसांचे बळी घेत राहिलेले सुरुंग. शेजाऱ्याने लादलेल्या युद्धाची किंमत त्या युद्धानंतर जन्मलेल्यांनाही कशी मोजावी लागते, हे या देशाइतके ठळकपणे फार थोड्या ठिकाणी दिसते.

एप्रिल १९७८ मध्ये काबूलची सत्ता साम्यवादी गटाने बळकावली आणि काही महिन्यांतच ग्रामीण भागात उठाव सुरू झाले. डिसेंबर १९७९ च्या अखेरीस सोव्हिएत फौजा विमानांनी आणि सीमेवरची अमुदर्या नदी ओलांडून देशात शिरल्या. २७ डिसेंबरला त्यांच्या खास तुकड्यांनी काबूलच्या ताजबेग महालावर हल्ला चढवून अध्यक्ष हफीझुल्ला अमीन यांना ठार केले आणि बबराक करमाल यांना गादीवर बसवले. अफगाण सरकारच्या विनंतीवरूनच सैन्य धाडले, असा मॉस्कोचा दावा होता. पण त्या सरकारच्या प्रमुखालाच मदतीला आलेल्या फौजेने संपवले, तेव्हा या दाव्यात काही अर्थ उरत नाही. आक्रमणाची व्याख्या करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या १९७४ च्या ठरावानुसार कोणतेही राजकीय, आर्थिक वा लष्करी कारण आक्रमणाचे समर्थन ठरू शकत नाही. १४ जानेवारी १९८० रोजी आमसभेने १०४ विरुद्ध १८ मतांनी परकीय फौजा तत्काळ मागे घेण्याची मागणी केली. भारत या मतदानात तटस्थ राहिला. त्यामागची मैत्रीची गणिते समजू शकतात, पण अफगाण जनतेच्या बाजूने पाहिले तर ती तटस्थता खटकते.

पुढच्या ९ वर्षांत लष्करी चौक्या, विमानतळ, महामार्ग आणि काबूलभोवतालच्या टेकड्या सुरुंगांनी वेढल्या गेल्या. बगराम विमानतळाभोवतीचे पट्टे विशेष कुप्रसिद्ध आहेत. पेरलेल्या सुरुंगांत पीएमएन हा सोव्हिएत सुरुंग फार आढळतो. तळहाताएवढी गोल डबी, वर रबराचे झाकण, आत सुमारे २४० ग्रॅम टीएनटी हे स्फोटक. त्यावर पाऊल पडले की बहुधा पायच जातो, आणि स्फोटाने माती, कापड व हाडांचे तुकडे जखमेत खोलवर घुसतात. त्यामुळे शस्त्रक्रिया एकदा करून भागत नाही.

पीएफएम-१ हा याहून वेगळा. सुमारे १२ सेंटिमीटर लांबीचा, प्लॅस्टिकचा, एका बाजूला पातळ पंख असलेला हा सुरुंग हेलिकॉप्टर व विमानांतून डोंगरी वाटांवर आणि खिंडींत हजारोंनी टाकला जाई. पंखामुळे तो भिरभिरत, न फुटता खाली येतो. आत फक्त ३७ ग्रॅम द्रवरूप स्फोटक असते. रशियन सैनिक त्याला ‘पाकळी’ म्हणत. जगात तो फुलपाखरू सुरुंग म्हणून ओळखला जातो. त्याची रचना अमेरिकेने व्हिएतनाम युद्धात वापरलेल्या अशाच एका सुरुंगावरून उचललेली होती. मुलांना भुलवण्यासाठी तो मुद्दाम खेळण्याच्या आकाराचा बनवला, हा समज मात्र खरा नाही. आकार हवेत तरंगण्यासाठी आहे. तरीही मुले तो उचलत, आणि दाबाचा थोडा थोडा परिणाम साठत जाऊन तो हातात फुटे. त्याची साधी आवृत्ती निकामी करता येत नाही, सापडेल तिथेच उडवून द्यावी लागते. आणि आकाशातून विखुरलेल्या सुरुंगांचा नकाशा कोणाकडेच असू शकत नाही.

१५ फेब्रुवारी १९८९ रोजी जनरल बोरिस ग्रोमोव्ह यांनी अमुदर्यावरील पूल ओलांडला आणि सोव्हिएत माघार पूर्ण झाली. तोवर साठ लाखांच्या आसपास अफगाण लोक पाकिस्तान आणि इराणमध्ये निर्वासित झाले होते. ते परतू लागले तेव्हा ओसाड शेते, पाण्याचे पाट, बागा आणि घरांचे पडके अवशेष यांतच सुरुंग दडलेले होते. पाट साफ करायला उतरणारा शेतकरी, मेंढ्या चारणारा मुलगा, सरपण आणायला गेलेली बाई आणि भंगार वेचणारी पोरे हेच यात जास्त सापडतात. वसंतातल्या पुराने सुरुंग वाहून एकदा साफ केलेल्या जमिनीतही येतात.

सगळे सुरुंग सोव्हिएत फौजांनीच पेरले असे नाही. सोव्हिएत पाठिंब्यावरच्या नजीबुल्ला सरकारचे सैन्य, त्याच्याशी व सोव्हिएत फौजांशी लढणारे आणि इटालियन व पाकिस्तानी बनावटीचे सुरुंग वापरणारे मुजाहिदीन, नंतरच्या यादवीतील सर्व गट यांनी त्यात भर घातली. २००१ नंतर अमेरिकेच्या क्लस्टर बॉम्बचे न फुटलेले गोळे आणि रस्त्याकडेला पुरलेले घरगुती बॉम्ब यांची भर पडली. पण ही मालिका सुरू झाली ती परकीय सैन्याच्या घुसखोरीने.

सफाईची सुरुवात १९८८ मध्ये सद्रुद्दीन आगाखान यांच्या देखरेखीखालील संयुक्त राष्ट्रांच्या ‘ऑपरेशन सलाम’पासून झाली. पेशावर आणि क्वेट्टा येथे निर्वासितांना प्रशिक्षण देऊन ज्याने त्याने आपले गाव साफ करावे, अशी मूळ कल्पना होती. ती टिकली नाही. मग अफगाण संस्थाच उभ्या राहिल्या. १९८८ मध्येच काबूलमध्ये ‘हेलो ट्रस्ट’ ही सुरुंग काढणारी ब्रिटिश संस्थाही स्थापन झाली होती. काम अत्यंत संथ असते: सुमारे एक मीटर रुंदीचा पट्टा आखायचा, धातुशोधक फिरवायचा, आवाज आला की गुडघ्यांवर बसून टोकदार सळईने माती तिरकी टोचत जायची. साफ भागाच्या कडेला पांढरे रंगवलेले दगड, धोक्याच्या बाजूला लाल. मोठे भाग तपासायला प्रशिक्षित कुत्री वापरतात. जून २०२१ मध्ये बघलान प्रांतात सुरुंग काढणाऱ्यांच्या छावणीवर बंदूकधाऱ्यांनी हल्ला करून १० जणांना ठार केले.

अफगाणिस्तानने २००२ मध्ये व्यक्तिविरोधी सुरुंगांवर बंदी घालणारा ओटावा करार स्वीकारला. जमीन साफ करण्याची २०१३ ची मूळ मुदत हुकली आणि ती वाढवून घ्यावी लागली. रशिया, अमेरिका, चीन, पाकिस्तान आणि भारत यांनी या करारावर सही केलेली नाही. १९८९ नंतर सुरुंग आणि न फुटलेल्या दारूगोळ्याने ४० हजारांहून अधिक अफगाण मृत वा जखमी झाले. अलीकडच्या बळींत बहुतांश मुले आहेत.

जगलेल्यांसाठी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीचे काबूल केंद्र १९८८ पासून कृत्रिम अवयव बनवते. इटालियन फिजिओथेरपिस्ट अल्बर्टो कैरो तिथे १९९० मध्ये आले आणि दशकानुदशके राहिले. केंद्रातील कर्मचारी मुख्यतः स्वतः अपंगत्व आलेले, पूर्वीचे रुग्णच असावेत, हे धोरण त्यांनी रुजवले. भारताचा ‘जयपूर फूट’ही अफगाण रुग्णांपर्यंत पोचला. वाढत्या वयाच्या मुलाला मात्र नवा पाय वारंवार बसवावा लागतो, आणि दूरच्या प्रांतातून त्यासाठी काबूलपर्यंतचा प्रवास दरवेळी परवडतोच असे नाही.