अख्खा किल्ला कुजून गेला, उरले फक्त खड्डे

वेल्समध्ये, इंग्लंडच्या सीमेला लागून माँटगोमेरी नावाचं छोटं गाव आहे. तिथला दगडी किल्ला बघायला लोक जातात, पण त्याच्या आधीचा किल्ला तिथून दीडेक किलोमीटरवर होता, नाव हेन डोमेन. आज तिथं मातीचं टेकाड आणि खंदक, बस. दगड शोधूनही सापडणार नाहीत, कारण सगळं बांधकाम लाकूड, चिखल आणि मातीचं होतं.

1066 मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यानंतर देशभर असे किल्ले उभारले. खंदक खणायचा, निघालेली माती मधे टाकून टेकाड रचायचं (हाच मॉट), त्यावर लाकडी बुरूज आणि पायथ्याशी कुंपणाचं आवार. हेन डोमेन रॉजर द माँटगोमेरी या उमरावानं 1070 च्या दशकात बांधला, 1086 च्या डूम्सडे बुकात (राजानं करवून घेतलेल्या जमीनजुमल्याच्या नोंदवहीत) त्याची नोंद आहे. 1095 मध्ये वेल्श लोकांनी तो लुटला, 1102 मध्ये रॉजरच्या मुलाचं बंड फसलं आणि किल्ला बाल्डविन द बुलर्स या दुसऱ्या उमरावाकडे गेला. 1223 मध्ये दगडी किल्ल्याचं काम सुरू झालं आणि 1300 च्या आसपास हा जुना पार ओस पडला.

आता गंमत अशी की लाकूड कुजलं तरी खड्डा कुजत नाही. खांब रोवताना खणलेल्या खड्ड्यात माती ठासतात, पुढे खांब कुजला की त्या जागी काळसर भुसभुशीत माती भरते आणि ती आजूबाजूच्या मातीत कधीच नीट मिसळत नाही. जमीन कोरडी असेल तर सगळं एकसारखं दिसतं, पण जरा ओल आली की गडद गोल डाग उठून दिसतात. एक खड्डा दुसऱ्याला कापून गेला असेल तर कापणारा नंतरचा, इतका साधा हिशोब.

पुरातत्त्वज्ञ फिलिप बार्कर यांनी 1960 मध्ये इथं उत्खनन सुरू केलं, पुढे रॉबर्ट हायम सोबत आले आणि काम 1992 पर्यंत चाललं. बार्करांचा आग्रह असा की अरुंद चर खणून भागत नाही, मोठा पट्टा एकदम उघडा करायचा आणि थापीनं थर न थर खरवडत जायचं. वेळखाऊ काम, पण चर खणले असते तर एखाददुसरा खड्डा दिसला असता आणि घर काही कळलं नसतं. त्यांना आवारात दाटीवाटीनं बांधलेल्या, पाडलेल्या, पुन्हा बांधलेल्या कितीतरी इमारती सापडल्या, शिवाय टेकाडावर जाणारे एकामागून एक पूल. लाकडी किल्ला म्हणजे घाईत केलेली कामचलाऊ सोय, हा समज माझ्या मते इथंच निकालात निघतो, कारण दोनशेहून जास्त वर्षं लोक तेच तेच दुरुस्त करत राहिले होते. उमरावी थाटाच्या वस्तू मात्र फारशा मिळाल्या नाहीत, राहणीमान बेताचंच असणार.

आणि किल्ल्याच्या मातीखाली काय निघालं तर नांगरटीचे सरी-वरंबे! नॉर्मन यायच्या आधी तिथं कुणाचं तरी शेत होतं, आणि वर मातीचा भराव पडला म्हणूनच ते टिकलं.