नागरी वनांचा वापर (कोकण)

शहराच्या हद्दीत किंवा तिला लागून टिकलेल्या, अथवा मुद्दाम वाढवलेल्या वनास नागरी वन म्हणतात. तेथे कोण जाते, किती वेळा जाते आणि काय करते, हे वनाच्या विस्तारापेक्षा घरापासूनचे अंतर आणि आत शिरण्याची वाट यांवर अधिक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०१६ मध्ये घरापासून ३०० मीटरच्या आत किमान अर्धा हेक्टर हिरवी जागा असावी असे सुचवले, ते याच विचाराने.

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौ. किमी. पसरलेले असून मुंबई आणि ठाणे ही दोन्ही शहरे त्याला भिडली आहेत. तरीही गर्दी मुख्यतः बोरिवली स्थानकाजवळच्या प्रवेशद्वाराशी आणि तेथून कान्हेरी लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरच एकवटते. सकाळी फिरायला येणारे आसपासचे रहिवासी असतात, सुटीच्या दिवशी दुरून कुटुंबे येतात, आणि महाशिवरात्रीला कान्हेरीकडे भाविकांची रीघ लागते. पावसाळ्यात ओढे-धबधबे तरुणांना खेचतात, मात्र पाणी अचानक चढत असल्याने त्याच काळात निर्बंधही वाढतात. बिबट्याची भीती, अंधार आणि एकटेपणा यांमुळे अनेक स्त्रिया सोबत असल्याखेरीज आतल्या वाटांवर जात नाहीत, हे नियोजनात फारसे धरले जात नाही.

या वनातील पाड्यांवर राहणाऱ्या वारली व इतर आदिवासींचे वनाशी असलेले नाते सहलीचे नाही. वाघोबाला ते देव मानतात, आणि पावसाच्या तोंडावर शेवळे, पुढे टाकळा, भारंगी अशा रानभाज्या गोळा करतात. शेवळ्याने घशाला खाज सुटते, म्हणून भाजीत काकड या झाडाची आंबट फळे घालतात. असे ज्ञान रोजच्या वावरातूनच टिकते. फिरायला येणाऱ्याचा वापर रीतसर आणि भाजी खुडणाऱ्याचा वापर अतिक्रमण, अशी विभागणी अन्यायाची आहे.

माहीमचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान धारावीला लागून, मिठी नदीकाठच्या जुन्या कचराभूमीवर उभे राहिले. तेथे शालेय सहली मोठ्या प्रमाणावर येतात.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वस्तीलगतच्या देवराया, म्हणजेच देवरहाटी (देवाच्या नावाने राखलेली वने), यांचा वापर देवस्थानाच्या रूढींनी बांधलेला असतो : झाड तोडायचे नाही, आणि कित्येक ठिकाणी पडलेले लाकूडही घरी न्यायचे नाही. मंदिराचा जीर्णोद्धार होऊन पक्का रस्ता व सभामंडप आला की येणाऱ्यांची संख्या वाढते. मात्र बांधकामासाठी झाडेही जातात आणि लोकांचा वावर मंदिराच्या फरसबंद आवारापुरता उरतो.