शेठचा खिसा वेगळा, पालिकेची तिजोरी वेगळी

एखादा कारखानदार गावातल्या शाळेला वर्गखोल्या बांधून देतो, दवाखान्याला मशीन देतो, सामुदायिक विवाह लावून देतो. काही वर्षांनी तोच नगराध्यक्ष होतो आणि तिथून गावाचा घोळ सुरू होतो. नळाला पाणी आलं की, "शेठनी पानी दिधं ना भो!" गटार तुंबली की, "जाऊ द्या हो, शेठ एकटे कुठे कुठे पुरतील?" पहिल्या वाक्यात पालिकेचं काम शेठच्या पुण्यात जमा होतं, दुसऱ्यात पालिकेची चूक त्याच पुण्यातून वळती होते. धुळ्यापासून भुसावळपर्यंत कुठल्याही ओट्यावर बसा, हेच ऐकू येतं. कान किटले.

दानशूर शेठ म्हणजे काय हे खान्देशी माणसाला शिकवायला नको. अमळनेरच्या प्रतापशेठांच्या नावाची मिल, हायस्कूल आणि कॉलेज आपण पाहत आलोय. साने गुरुजी मास्तर होते ते याच हायस्कुलात. १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं तेही शेठजींच्या पैशावर. कापसाच्या गावात तत्त्वज्ञानाची संस्था काढायची लहर आली, काढली. जळगावात उद्योजक भवरलालभाऊ जैनांनी जैन हिल्सवर गांधीतीर्थ हे गांधीजींवरचं संग्रहालय उभारलं, २०१२ मध्ये ते खुलं झालं. कोणी मतदान घेतलं नव्हतं, घ्यायची गरजही नव्हती. दात्याला लहर असू शकते आणि ती चांगली निघाली तर गावाचं भलं होतं. यातलं कोणीही पालिकेच्या खुर्चीत बसून हे केलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं.

काही किरकोळ फरक आधी उरकतो. जळगाव आणि धुळे २००३ पासून महापालिका आहेत, तिथे नगराध्यक्ष नसतो, महापौर असतो, आणि कारभाराची दोरी आयुक्तांच्या हातात असते. चोपडा, अमळनेर, शिरपूर, शहादा इथे नगरपरिषद, म्हणून नगराध्यक्ष. तो थेट लोकांनी निवडायचा की नगरसेवकांनी, हे सरकार बदललं की बदलतं: २०१६ ला थेट, २०२० ला नगरसेवकांतून, २०२२ ला परत थेट. यावर चहाच्या टपरीवर तासन् तास वाद होतात. होऊ द्या, आपल्या मुद्द्याला त्याने फरक पडत नाही.

खरी मेख पैशात आहे. समजा गावाला अभ्यासिका हवी. शेठ दाता म्हणून बांधणार असतील तर जागा त्यांची, मिस्त्री त्यांच्या ओळखीचा, नाव त्यांच्या आईचं. मुलींनाच प्रवेश द्यायचा ठरवलं तरी चालेल. बांधकाम परवानगी घेतली की मोकळे. अर्धं काम झाल्यावर मन फिरलं तर थांबवतील, लोक फार तर हळहळतील. पैसा गेला तर त्यांचा गेला.

आता हीच अभ्यासिका तेच शेठ नगराध्यक्ष म्हणून बांधायला निघाले, तर पहिला प्रश्न: अंदाजपत्रकात तरतूद आहे का? मग जागा पालिकेची आहे का, विकास आराखड्यात तिच्यावर दुसरं आरक्षण तर नाही ना? त्यानंतर सर्वसाधारण सभेत ठराव, अभियंत्याचं इस्टिमेट, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश. काम झालं की मोजमाप पुस्तिकेत नोंद, मग बिल, आणि शेवटी लेखापरीक्षण. यातल्या बऱ्याच कागदांवर चालते ती मुख्याधिकाऱ्याची सही. मुख्याधिकारी हा राज्य सरकारचा अधिकारी, शेठचा मुनीम नव्हे. ठराव कायद्याबाहेरचा वाटला तर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातल्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी तो तहकूब करू शकतात.

उद्योगातून आलेल्या माणसाचा इथे जीव कासावीस होतो. "आमच्या फॅक्टरीत आठ दिवसांत झालं असतं." झालं असतं की, पैसा तुमचा होता ना. ही सगळी कागदं दुसऱ्याच्या पैशाला हात लावण्याआधीची आहेत. "शेठ आले म्हणजे पालिका कंपनीसारखी चालेल" हे प्रचारातलं वाक्य ऐकलं की माझी तार सरकते. कंपनीला तोट्यातला माल बंद करता येतो. गावाबाहेरच्या झोपडपट्टीत पाणीपट्टी वसूल होत नाही म्हणून पालिकेला तिथलं पाणी बंद करून चालत नाही.

आणि तोटा झालाच तर? जळगाव पालिकेने घरकुलांसारख्या योजनांसाठी हुडकोकडून, म्हणजे घरबांधणीला कर्ज देणाऱ्या केंद्र सरकारच्या कंपनीकडून, काढलेलं कर्ज पुढे महापालिकेच्या मानेवर बसलं आणि वर्षानुवर्षं फिटता फिटेना. ठराव करणारे खुर्चीवरून गेले, हप्ते शहर भरत राहिलं. देणगीत असं कधी होत नाही.

याच्याही पुढचा घोळ म्हणजे नगराध्यक्ष झाल्यावरही शेठ खिशातून खर्च करत राहतात तो. मे महिन्यात पाणी आठ दिवसांआड आलं की त्यांच्या नावाचे टँकर गल्लीत फिरतात. लोक खूश, फोटो निघतात. मला हे अजिबात आवडत नाही, आणि दान नको म्हणून नव्हे. हे टँकर नसते तर पालिकेकडून टंचाईची मागणी वर सरकारकडे गेली असती, जलवाहिनीच्या गळतीवर सभेत भांडण झालं असतं, पुढच्या अंदाजपत्रकात चार पैसे जास्त धरले गेले असते. शेठच्या टँकरची नोंद ना पालिकेच्या दफ्तरात, ना लेखापरीक्षणात. पाच वर्षांनी बिनपैशाचा, पण कामाचा कोणी नगराध्यक्ष झाला की त्याच्या वाट्याला तीच फुटकी जलवाहिनी येते आणि वर बोलणी, "शेठच्या काळात टँकर तरी यायचा!" मला टँकर देणाऱ्यापेक्षा ठराव नीट लिहून घेणारा नगराध्यक्ष हवा.

उलटी बाजूही आहे. शेठचा पेव्हर ब्लॉकचा कारखाना असेल, तर दाता असताना ते पालिकेला ब्लॉक विकू शकतात, फुकटही देऊ शकतात. पण पालिकेच्या ठेक्यात प्रत्यक्ष किंवा आडून हितसंबंध असला की १९६५ च्याच अधिनियमाच्या कलम १६ खाली माणूस सदस्यत्वाला अपात्र ठरू शकतो. व्यापाऱ्याच्या कारकिर्दीत निवडणुकीच्या दिवशी खरा बदल हा होतो, गळ्यातला हार नव्हे. घरपट्टीचंही तेच. दाता कोणाचीही घरपट्टी स्वतः भरू शकतो, नगराध्यक्ष मनाला येईल त्याची माफ करू शकत नाही.

खान्देशात ही गोष्ट समजून घ्यायला शिरपूरइतकं चांगलं गाव नाही. अमरीशभाई पटेल कापड उद्योगातले, मुंबईच्या विलेपार्ले केळवणी मंडळ या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. १९८५ मध्ये शिरपूर-वरवाडे पालिकेचे नगराध्यक्ष झाले, १९९० मध्ये आमदार. शिरपुरात आर. सी. पटेल नावाच्या शाळा-कॉलेजांचं जाळं आहे, ते तिथल्या खाजगी शिक्षणसंस्थेचं. गावातले रस्ते, पाणी, दिवे हे पालिकेचं. आणि 'शिरपूर पॅटर्न'? भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी अमरीशभाईंच्या पाठबळावर नाले खोल-रुंद केले आणि त्यांवर दारं नसलेले सिमेंटचे बंधारे घातले. पावसाचं पाणी तिथे अडून जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरी भरतात. ही कामं तालुक्यातल्या खेड्यांच्या शिवारात झाली आणि नगरपालिकेची हद्द तिथे पोचतच नाही. तरीही "शिरपूर पालिकेने पॅटर्न केला" असं बिनदिक्कत छापून येतं. पालिकेचं कौतुक जरूर करा, पण पालिकेच्या कामासाठी करा. पॅटर्नचं श्रेय खानापूरकरांच्या भूशास्त्राला आणि खाजगी पाठबळाला जातं.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, हे मधलंच प्रकरण. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. म्हणजे तो पैसा कंपनीचा असतो आणि खर्च करणं कायद्यानेच भाग असतं. त्याला शेठची दानत म्हणताना जरा दमाने.

कोणता पैसा कोणाचा हे ओळखायची सोपी जागा म्हणजे कोनशिला. वरची मोठी नावं सोडून द्या, 'शुभहस्ते' तर सोडाच. खाली बारीक अक्षरात योजनेचं नाव असतं: नगरोत्थान, १५ वा वित्त आयोग, वैशिष्ट्यपूर्ण योजना, आमदार स्थानिक विकास निधी. तशी ओळ असेल तर पैसा जनतेचा, मग फोटो कोणाचाही असो. 'यांच्या स्मरणार्थ' किंवा 'यांच्या सौजन्याने' असेल तर देणगी. दोन्ही नसेल, नुसताच हसरा फोटो असेल, तर पालिकेत जाऊन विचारा. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं आणि उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. अर्ज पालिकेच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने करायचा. तोच अर्ज शेठच्या खाजगी ट्रस्टकडे नेलात तर सहसा चहा मिळेल, हिशेब नाही.