बौद्धिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांच्या वर्गातील तंत्रज्ञान

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवताना विशेष शिक्षक चित्रे, ध्वनिमुद्रण, चित्रफिती, टॅबलेट आणि अ‍ॅप यांची मदत घेतात. विशेष शिक्षणात या साधनांचा समावेश साहाय्यक तंत्रज्ञानात होतो. लॅमिनेट करून भिंतीवर लावलेले चित्रांचे वेळापत्रकही त्यातच येते आणि बोटाने दाबताच बोलणारे अ‍ॅपही. या मुलांना एका वेळी अनेक सूचना ध्यानात ठेवणे जड जाते. शाळेत जमलेली गोष्ट घरी किंवा बाजारात करून दाखवणे त्याहून कठीण जाते. साधन महाग आहे की स्वस्त, यापेक्षा ते या अडचणींवर किती उपयोगी पडते, हे पाहून शिक्षकाने निवड करावी.

नेहमी वापरली जाणारी एक पद्धत म्हणजे कामाचे छोट्या पायऱ्यांत विभाजन, म्हणजेच कार्य विश्लेषण. हात धुण्याचेच पाहा. नळ सोडणे, हात ओले करणे, साबण लावणे, चोळणे, धुणे, नळ बंद करणे, पुसणे अशा सात पायऱ्या होतात. शिक्षिका शाळेच्याच नळावर, नेहमीच्याच साबणाने, मोबाइलवर याची चित्रफीत काढते. कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला, तर पडद्यावर त्याला फक्त नळ आणि हात दिसतात. चित्रफीत दर वेळी तेच, त्याच क्रमाने दाखवते. मूल एक पायरी पाहते, चित्रफीत थांबते, मूल ती पायरी करते. सुरुवातीला बाई हात धरून करून घेतात, मग नुसते बोट दाखवतात, मग गप्प उभ्या राहतात. कोणती पायरी हात धरून झाली, कोणती तोंडी सूचनेवर आणि कोणती आपणहून, याची नोंद त्या मुलाच्या वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रमात, म्हणजे त्याच्यापुरत्या आखलेल्या शिक्षणाच्या आराखड्यात होते. शेवटी चित्रफीतही काढून घ्यायची असते. ती कायमची राहिली, तर मूल तिच्यावरच अवलंबून राहते.

बोलता न येणाऱ्या किंवा मोजकेच शब्द असलेल्या मुलांसाठी संवादाची पर्यायी साधने असतात. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प (डिझाइन) केंद्रात तयार झालेले 'जेलो' हे अ‍ॅप मोफत असून मराठीतही आहे. त्यात खाणे, खेळ, माणसे, जागा अशी चित्रे आहेत आणि बाजूला आवड, नावड, हो, नाही, जास्त, कमी हे भाव सांगणारी बटणे. चित्र निवडून बटण दाबले की अ‍ॅप मुलाच्या वतीने बोलते.

अशा साधनाचे खरे यश शिक्षकाच्या वागण्यावर ठरते. 'दाखव बघू, पाणी कुठंय?' असे विचारत राहिले, की संवादाची परीक्षा होते आणि मूल टॅबलेट बाजूला सारते. त्याऐवजी शिक्षकाने स्वतः बोलताना चित्रांना हात लावायचा: 'मला चहा हवाय' म्हणताना चहाचे चित्र दाबायचे. मग थांबायचे, उत्तराला पुरेसा वेळ द्यायचा. मुलाने 'नाही' दाबले, तर ते मानायचे. नकार ऐकला जातो हे कळल्यावरच मुलाला या बटणांचा अर्थ पटतो. चित्रांमुळे बोलणे मागे पडेल अशी भीती पालकांना वाटते. अभ्यासांतून मात्र तसे आढळलेले नाही. टॅबलेटचे चार्जिंग संपते, म्हणून तीच चित्रे छापलेला फलक वर्गात हवाच.

भारतात या क्षेत्रातील मुख्य संस्था म्हणजे सिकंदराबाद येथील, १९८४ मध्ये स्थापन झालेली बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठीची राष्ट्रीय संस्था (एनआयईपीआयडी). तिने तयार केलेले अध्ययन साहित्याचे संच केंद्र सरकारच्या योजनेतून मुलांना मिळतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये संवादाच्या पर्यायी आणि पूरक मार्गांचा शिक्षणाच्या संदर्भात स्पष्ट उल्लेख आहे. मुंबईत १९४४ पासून काम करणाऱ्या जय वकील संस्थेने विकसित केलेला 'दिशा' अभ्यासक्रम महाराष्ट्रातील विशेष शाळांमध्ये राज्य शासनाच्या सहकार्याने पोहोचला आहे. तरी सामान्य शाळेत एका वर्गात साठ मुले आणि त्यांत असे एक मूल असेल, तर शिक्षकाकडे वेळ कुठून येणार, हा प्रश्न नुसत्या उपकरण-वाटपाने सुटत नाही.

नुसते उपकरण पुरत नाही, हे व्यवहारज्ञान शिकवताना विशेष जाणवते. पडद्यावरच्या नोटा ओळखणारे मूल दुकानात गोंधळू शकते. म्हणून पडद्यानंतर खऱ्या नोटा-नाणी, त्यानंतर वर्गातले लुटुपुटीचे दुकान आणि शेवटी कोपऱ्यावरचा वाणी, असा क्रम ठेवतात. यादी फोटोंची असते: बिस्किटाचा पुडा, साबणाची वडी, मिठाची पिशवी. दुकानदाराला आधी सांगून ठेवावे लागते, नाहीतर तो मुलाकडे न पाहता सोबतच्या बाईंशीच बोलतो.